टेबलांचा नकाशा ग्रंथपालालाही हवा
न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली आपल्या डेटाबेसची रचना आवृत्तीनिहाय जाहीर करते, आणि तेच योग्य आहे. वर्षभरात किती पुस्तके वाचकांनी नेली हे मोजताना ग्रंथपालाने नुसते ‘इश्यूज’ टेबल पाहिले, तर आकडा भलताच कमी येतो; कारण पुस्तक परत आले की त्याची नोंद ‘ओल्ड इश्यूज’मध्ये सरकते. नुसत्या नावावरून हे कोणाला उमगणार? रचना बदलली की लोकांचे अहवाल कोलमडतात, तेव्हा ती झाकलेलीच बरी, असा प्रोग्रामर मंडळींचा आक्षेप असतो. तो पोकळ नाही: १७.०५ आवृत्तीत ‘मार्क’ या ग्रंथसूची-स्वरूपातील नोंदी वेगळ्या टेबलात गेल्या आणि जुने अहवाल अडले. पण ते दुरुस्त करायलाही लिहिलेली रचनाच लागते. ग्रंथालयांनी सॉफ्टवेअर घेताना हा दस्तऐवज करारातच मागून घ्यावा.