आधी शिरपामाळ, मग शिरपेच

फोन हातात आहेच, तर एक काम करा. 2020 च्या ‘आत्मनिर्भर भारत ॲप इनोव्हेशन चॅलेंज’मध्ये जिंकलेली किती ॲप्स तुमच्याकडे आहेत ते बघा. त्या वर्षी 29 जूनला 59 चिनी ॲप्सवर बंदी आली, 4 जुलैला ही स्पर्धा जाहीर झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निकालही लागला. जवळपास सात हजार प्रवेशिका, 24 विजेते, पहिलं बक्षीस 20 लाख रुपयांचं. विजेत्यांमध्ये ‘कू’ होतं. जुलै 2024 मध्ये ते बंद पडलं.

धंदा बुडणं हा काही गुन्हा नाही. माझं भांडण निकाल लावण्याच्या पद्धतीशी आहे. ॲप लोकांच्या हातात टिकतं की नाही, हे महिन्याभरात कुणालाच कळत नाही. तरी आपण महिन्याभरात हार घालतो, फोटो काढतो आणि पुढच्या स्पर्धेच्या तयारीला लागतो.

ही खोड आपलीच आहे असंही नाही. गुगलने 2007 च्या नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी एक कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर केली. पहिल्या फेरीत 1,788 ॲप्स आली, 2008 च्या ऑगस्टपर्यंत विजेतेही ठरले. अँड्रॉइडचा पहिला फोन दुकानात आला तो ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ज्या फोनवर ती चालायची, तो फोन एकाही गिऱ्हाइकाच्या हातात नसताना बक्षिसं वाटून झाली होती. गुगलला नवा मंच उभा करायचा होता, म्हणून त्यांचं ते खपून गेलं. आपल्याकडच्या स्पर्धा मात्र कुपोषण, शेती, शाळागळती असे विषय घेतात. तिथे वापरणारा माणूस वगळून निकाल लावणं ही फसवणूक आहे.

2017 पासून चाललेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ची सॉफ्टवेअरची अंतिम फेरी 36 तासांची असते. पोरं रात्रभर जागतात, जीव तोडून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण 36 तास वातानुकूलित हॉल, फुकट वायफाय, नवा लॅपटॉप आणि समोर परीक्षक म्हणून प्राध्यापक नि कंपन्यांचे लोक. त्या खोलीत जव्हारची अंगणवाडीताई कुठे असते?

तिचं काम डोळ्यांसमोर आणा. जव्हार-मोखाडा म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग महाराष्ट्राला कळला. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात, पोरंही सोबत जातात. ताईच्या वहीत नाव आहे, मूल नाही. घरात वारली किंवा कोकणा बोलली जाते, वरून आलेला फॉर्म प्रमाण मराठीतही असेलच याची खात्री नाही. रेंज कधी आहे, कधी टेकाडावर चढावं लागतं.

या ताईंना न विचारता ॲप दिलं की काय होतं, हे आपण 2021 मध्ये पाहिलंय. ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप काही स्पर्धेतून आलेलं नव्हतं, पण सवय तीच. सरकारी फोन हलके, ॲप जड, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी, माहिती इंग्रजीत भरायची. ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारला फोन परत करायला सुरुवात केली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं मराठीतलं सर्वांत प्रामाणिक ॲप-परीक्षण हेच. त्याला कुणी ट्रॉफी दिली नाही.

उलट बाजूही सांगतो. स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांचा माग ठेवायला राज्याने जी प्रणाली आणली, तिच्या पहिल्या प्रायोगिक जिल्ह्यांत पालघर होता. तिचं पुढे काय करायचं ते करा, पण प्रश्न बरोबर पकडला होता: मूल गावातून भट्टीवर गेलं तर त्याचा आहार त्याच्यामागे कसा जाईल? हा प्रश्न हॉलमध्ये बसून सुचत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “अहो, विद्यार्थी आहेत, शिकू द्या की!” जरूर शिकू द्या. मग त्याला सराव म्हणा. ‘कुपोषणावर उपाय शोधला’ असे बॅनर कॉलेजच्या गेटवर लावू नका. ज्या ॲपवर अजून एकाही बाळाचं वजन नोंदलं गेलेलं नाही, ते उपाय नसतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. परीक्षकाच्या हातात दोन जीबी रॅमचा जुना फोन द्या आणि सादरीकरणाच्या मध्येच त्याचं इंटरनेट बंद करा. परीक्षकांमध्ये निम्मी माणसं ती असोत ज्यांना ॲप वापरायचंय, आणि त्यांना त्या दिवसाचं मानधन द्या. अर्धं बक्षीस निकालादिवशी, उरलेलं वर्षभराने, ॲप पाड्यावर चालू असेल तरच. आणि जव्हारच्या कॉलेजातल्या पोरापोरींना ‘लाभार्थी’ म्हणून न बोलावता संघात घ्या. वारली त्यांना येते, तुम्हाला नाही.

अंतिम फेरीला जागा हवी असेल तर तीही सुचवतो. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. 1664 मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचं स्वागत करून शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं सांगतात. त्यातला क्रम लक्षात घ्या. आधी माळावर यावं लागलं, इथल्या माणसाला भेटावं लागलं. शिरपेच त्यानंतर मिळाला.

आपल्या स्पर्धा शिरपेच मुंबई-पुण्यातच वाटून टाकतात. माळावर यायचं मग कुणाला कारणच उरत नाही.