पाय कापायला पाच लाख, गोळीला पैसा नाही!

आमच्या वस्तीत एक काका आहेत. आयुष्यभर बिगारी काम केले, उतारवयात मधुमेह जडला. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले की कधी गोळ्या मिळत, कधी "स्टॉक संपलाय, पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळे. मेडिकलमधून घ्यायच्या तर घरातली भाजी राहते. गोळ्यांत खंड पडत गेला, पायाची जखम चिघळली आणि शेवटी पाय कापावा लागला. ते ऑपरेशन मात्र योजनेत मोफत झाले! घरचे म्हणाले, सरकारने वाचवले. आम्ही विचारतो, पाय जाईपर्यंत सरकार कुठे होते?

23 सप्टेंबर 2018 रोजी आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे कवच. महाराष्ट्रात तर 2012 पासूनच राज्याची योजना होती, 2017 मध्ये तिला महात्मा फुलेंचे नाव मिळाले. 2023 च्या निर्णयाने तिचेही कवच दीड लाखावरून 5 लाख झाले आणि ती सर्व कुटुंबांना लागू झाली. कागदावर आज राज्यात कोणीच उघड्यावर नाही.

पण हे कवच रुग्ण दाखल झाल्यावरच उघडते. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी गेल्यानंतरचे 15 दिवस धरले आहेत. बाकीच्या वर्षभराचे काय? ताप, खोकला, बीपी, शुगर, रक्ततपासणी यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. गरीब माणूस अशा रोजच्या दोनशे-तीनशेनेच कर्जात बुडतो.

काही बांधव म्हणतील, या कार्डामुळे हृदयाची ऑपरेशने झाली, कॅन्सरचे उपचार झाले. खरे आहे. ज्यांचे जीव वाचले त्यांच्या आनंदात आम्हीही आहोत. आमचे भांडण कार्डाशी नाही. कार्ड दिले म्हणजे दवाखान्याची जबाबदारी संपली, या समजाशी आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च 2025 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. वर्ष उलटले, वचन तसेच राहिले. ज्या 2023 साली राज्यात कवच वाढले, त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावले, त्यात नवजात बालकेही होती. तिथे त्यांना कार्ड काय कामाचे होते?

बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी सुरू झाली. 1944 मध्ये अडारकर अहवाल आला आणि 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या योजनेतही आज उणिवा आहेत, पण तिचा पाया पाहा. विम्याबरोबर स्वतःचे दवाखाने, स्वतःची रुग्णालये आणि साध्या तापाच्या औषधापासून उपचाराची सोय. म्हणजे विमा आणि सरकारी दवाखाना हे एकमेकांचे वैरी नाहीत. दवाखाना उपाशी ठेवून विमा वाटणे, हे धोरण वैरी आहे.

आणि योजनेला नाव कोणाचे? फुल्यांचे! 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत 10 मार्चला प्राण ठेवला. दवाखाना लोकांजवळ होता, म्हणून पाठीवर नेता आले. आज अंगीकृत रुग्णालय गाठायला आमच्या माणसाला गाडीभाडे उसने घ्यावे लागते.

संविधानाचे कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. 1996 मध्ये पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा कलम 21 चा भंग आहे. तेव्हा ही भीक नव्हे, हक्क आहे.

म्हणून बांधवांनो, कार्ड जरूर काढा, पण तिथेच थांबू नका. आपल्या आरोग्य केंद्रात कोणती औषधे शिल्लक आहेत ते फलकावर लिहायला लावा. किती पदे रिकामी आहेत ते माहिती अधिकारात विचारा. रुग्ण कल्याण समितीचा हिशेब ग्रामसभेत मागा. आशाताई मानधनासाठी रस्त्यावर बसल्या तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. गोळी वेळेवर मिळाली तर पाय वाचतो. आम्हाला आमचे पाय हवे आहेत, कारण अजून बरेच चालायचे आहे.

जयभीम!