लेन्स दीड लाखाची, हेड दीड हजाराचं? जड टेलिफोटोसाठी ट्रायपॉड हेड कसं निवडाल?

लोटे-परशुराम एमआयडीसीत शिफ्ट करणारा माझा एक मित्र सुट्टीच्या दिवशी धनेश शोधत फिरतो. मार्चमध्ये त्याने हप्त्यांवर १५०-६०० एमएमची लेन्स घेतली. ट्रायपॉड मात्र कॉलेजातलाच, वर साधं बॉल हेड. चिपळूणजवळ एका ढोलीवर कॅमेरा लावून आम्ही तीन तास बसलो. नर फळं घेऊन आला, मित्राने नॉब सैल केला आणि लेन्सने मान टाकली. ट्रायपॉडसकट सगळं कलंडलं. पट्टा मनगटाला होता म्हणून काच वाचली. फोटो गेला.

माझ्या मते यात मित्राची चूक निम्मीच. उरलेली निम्मी खोक्यावरच्या आकड्याची. 'लोड कपॅसिटी १० किलो' वाचून आपण निर्धास्त होतो. आमचं वजन तर तीन किलोच होतं!

मग पडलं का?

प्रश्न वजनाचा नाही, टॉर्कचा आहे. बॉल हेडवर कॅमेरा गोळ्याच्या वर बसतो. तीन किलोचा गुरुत्वमध्य गोळ्यापासून १० सेंटिमीटर वर धरा. सरळ असताना टॉर्क शून्य. ३० अंश झुकवला की सुमारे दीड न्यूटन-मीटर, आणि जितकं झुकेल तितका तो वाढतो. म्हणजे पडायला लागलं की पडतच जातं. तो टॉर्क अडवायला फक्त नॉबचं घर्षण.

नॉब घट्ट केला तरी सुटका नाही. हात काढला की फ्रेम किंचित खाली उतरते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएमला ५० मीटरवरचं जेमतेम तीन मीटर रुंदीचं दृश्य मावतं. तिथे ०.१ अंशाची घसरण म्हणजे जवळपास नऊ सेंटिमीटर. धनेशाची चोच फ्रेमबाहेर जायला एवढं पुरे.

गिंबल वेगळं काय करतं?

ते झोपाळ्यासारखं आहे. लेन्सचा गुरुत्वमध्य थेट फिरण्याच्या अक्षावर आणला जातो. अंतर शून्य, म्हणून टॉर्कही शून्य. जहाजावरचा होकायंत्र सपाट ठेवायला हीच कल्पना शतकानुशतकं वापरली गेली. लेन्स प्लेटवर पुढे-मागे सरकवा, कॉलरमधून वर-खाली करा. दोन्ही नॉब सैल असताना कुठल्याही कोनात ती जागीच थांबली की बॅलन्स जमला. झूम बाहेर येणारी लेन्स असेल तर ज्या एमएमला जास्त फोटो काढता, तिथेच बॅलन्स करा. प्लेटच्या टोकांचे स्टॉप स्क्रू फेकून देऊ नका (आम्ही दिले होते). मधला दांडा वर काढू नका.

लेन्सच्या किमतीच्या दहाव्या भागात बऱ्यापैकी गिंबल मिळतं. दोन किलोच्या पुढची लेन्स असेल आणि एका जागी बसून फोटो काढत असाल तर माझं मत सरळ आहे: दुसरं काही बघू नका. व्हिडिओ जास्त करत असाल तर फ्लुइड हेड, कारण त्याची हालचाल एकसारखी होते.

आणि कुठे घेऊ नये?

वाशिष्ठीत मगरी बघायला बोटीतून जाणार असाल तर ट्रायपॉड घरीच ठेवा; इंजिनाची थरथर पायांतून थेट लेन्सपर्यंत येते. ताडोब्याच्या जिप्सीतही पाय पसरायला जागा नसते. दोन्हीकडे तांदूळ भरलेली बीनबॅग बरी. सह्याद्रीत चढून जायचं असेल तर एक-दीड किलोचं गिंबल पाठीला जाणवतं, तेव्हा मोनोपॉड.

ढोलीसमोर मात्र गिंबलचा खरा फायदा अंतराचा. मादी आत स्वतःला लिंपून घेते, तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर. नर लांबच्या फांदीवर थांबून राहिला, जवळ येईना, तर आपण फार जवळ बसलोय. स्थिर हेड असेल तर २० मीटर मागे सरकूनही फोटो मिळतो.

मित्राने आता जुनं गिंबल घेतलंय. रोज घरच्या गॅलरीतून समोरच्या नारळावरचे कावळे टिपतोय.