साताऱ्याचा शोध आणि वाचकाचा अग्रक्रम

वेबची मानके म्हणजे संकेतस्थळाचे पान कोणत्या खुणांनी लिहावे आणि ब्राउझरने ते कसे दाखवावे, याविषयीचे सामाईक नियम. ते ठरवताना वाचक, पान लिहिणारा, ब्राउझर बनवणारी कंपनी आणि खुद्द नियमकर्ते यांची सोय एकाच दिशेला असतेच असे नाही. म्हणूनच टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेने २००७ मध्ये एचटीएमएल या पाने लिहिण्याच्या खूणभाषेच्या रचनातत्त्वांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात अशा तंट्यांसाठी उतरता अग्रक्रम सांगितला आहे : आधी वाचक, मग लेखक, मग ब्राउझरकर्ता, मग मानककर्ता आणि सर्वांत शेवटी तात्त्विक शुद्धता. त्याच मसुद्यातील दुसरे तत्त्व असे की, आधीपासून वेबवर असलेला मजकूर नव्या नियमाने निकामी होता कामा नये. या दुसऱ्या तत्त्वाची किंमत पहिल्या तत्त्वानुसार वसूल व्हायला हवी, म्हणजे ती वाचकावर पडू नये. मराठी संकेतस्थळांवर मात्र ती बहुधा वाचकालाच मोजावी लागते.

ही तत्त्वे अनुभवातून आली आहेत. एक्सएचटीएमएल या काटेकोर प्रणालीत एखादी बंद करण्याची खूण राहून गेली, तर ब्राउझर पानाऐवजी चूक झाल्याची सूचना दाखवत असे. म्हणजे लेखकाच्या हलगर्जीपणाची शिक्षा वाचकाला होई. तिची दुसरी आवृत्ती तर जुन्या पानांशी फारकत घेऊनच आखली गेली आणि तिचे काम २००९ मध्ये गुंडाळावे लागले. २०१४ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ५ ने उलट मार्ग धरला : सदोष पानही ब्राउझरने कसे सावरून घ्यावे, हे त्यात तपशीलवार लिहिलेले आहे.

जुना मजकूर टिकवण्याचे मोल सातारा जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. वाईच्या विश्वकोशाचे आद्य प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे निधन मे १९९४ मध्ये झाले आणि कन्सोर्शियमची स्थापना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाली. म्हणजे ज्यांच्या देखरेखीखाली हा कोश उभा राहिला, त्यांच्या हयातीत आजची मानकव्यवस्था अस्तित्वातच नव्हती. तरीही त्या खंडांतील नोंदी आज युनिकोडमध्ये, कोणताही खास फॉन्ट उतरवून न घेता, वाचता येतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक व्यवस्था. ती रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवीत, आणि तो विशिष्ट फॉन्ट नसला की वाचकापुढे निरर्थक चिन्हांची रांग येई.

युनिकोडनेही एक गुंता शिल्लक ठेवला आहे आणि तो थेट साताऱ्याच्या नावाला भिडतो. ‘सातारा’ या नावाला विभक्तिप्रत्यय लागला की रकाराचे आडवे, अर्धे रूप येते. ते दोन प्रकारे साठवता येते : भारतीय इस्की मानकाला अनुसरून खाली टिंब असलेला ‘ऱ’ व हलन्त वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि स्वतः न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. दुसरी पद्धत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेला मजकूर टिकावा म्हणून राखलेली आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. परंतु क्रमांक ताडून पाहणाऱ्या शोधयंत्रणेला ते दोन निराळे शब्द वाटतात. ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘सातबाऱ्यावर’, ‘कर्मचाऱ्यांना’ ही सरकारी व्यवहारातील नित्याची रूपे याच फेऱ्यात सापडतात, आणि एका पद्धतीने टंकित केलेला आदेश दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्या नागरिकाला मिळत नाही.

येथे दोष मानकाचा म्हणता येत नाही, कारण एक पद्धत रद्द केली असती तर जुना मजकूर मोडला असता. उपायही युनिकोडच्याच शब्दतुलनेच्या नियमावलीत आहे : तुलनेच्या प्राथमिक पातळीवर अदृश्य जोडचिन्ह वगळले जाते, खालचे टिंब गौण धरले जाते आणि दोन्ही रूपे एकच ठरतात. तो न वापरणारी शोधपेटी बनवणारा स्वतःची मेहनत वाचवतो आणि भार वाचकावर टाकतो. अग्रक्रम उलटा होतो तो इथे.

सांगलीत वाचकाच्या अग्रक्रमाचा हाच प्रश्न पुराच्या वेळी जिवाशी येतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा वेळी पाण्याची पातळी छायाचित्रात किंवा जड सजावटीत न अडकवता साध्या मजकुरात दिली, तर ती क्षीण नेटवर्कवर, जुन्या मोबाइलवर आणि अंधांच्या वाचनयंत्रणेतही पोहोचते. एकाच ब्राउझरवर विसंबण्याचा धोकाही सिद्ध झालेला आहे : मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त केला, तेव्हा केवळ त्याच्यासाठी बेतलेली पाने अडचणीत आली.

म्हणून जिल्हा परिषदा, महापालिका आणि सहकारी संस्था यांनी संकेतस्थळाच्या निविदेत तीन अटी घालाव्यात : दोन्ही प्रकारच्या रकाराचा शोध एकच निकाल देईल, महत्त्वाची माहिती मजकूररूपात असेल, आणि पान कोणत्याही प्रचलित ब्राउझरमध्ये उघडेल. या अटी पुऱ्या होईपर्यंत कंत्राटदाराचे अंतिम देयक रोखून धरावे. अग्रक्रमाचे तत्त्व कागदावरून व्यवहारात येण्यासाठी इतका धाक आवश्यक आहे.