गोळीत कसली काटकसर?

महिनाअखेर आली की घरात सगळ्यात आधी बंद होते ती बाईची बीपीची गोळी. नवऱ्याची चालू, सासूबाईंची चालू. आपली मात्र ‘एक दिवसाआड चालेल’. मैत्रिणींनो, नाही चालत! बीपी दुखत नाही, म्हणून ते गेलं असं होत नाही. गोळीत खंड पडला, तर पक्षाघातापर्यंत वेळ येऊ शकते.

त्यापेक्षा संकोच सोडा. ‘डॉक्टर, औषधाचं जेनेरिक नाव लिहून द्याल का?’ असं सरळ विचारा. डॉक्टरांनी तसंच लिहावं, असं २००२ ची नियमावलीच सांगते. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. २००८ पासूनच्या या योजनेत औषधं ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात, असं सरकार सांगतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तर बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत असतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.

‘साठा संपलाय’ म्हणाले, तर मुकाट्याने परतू नका. चौघीजणी मिळून ‘कधी येणार?’ विचारा. मोफत औषध म्हणजे उपकार नव्हे, आपला हक्क आहे. घर सांभाळणारीने स्वतःलाही सांभाळायलाच हवं ना?