करायला गेला गणपती

माझा कोणत्याही हत्तीवर राग नाही. जंगलातल्या नाही, देवळातल्या नाही आणि चित्रातल्या तर नाहीच नाही. पण सकाळी साडेसहाला आमच्या ओट्यावर उकडलेल्या बटाट्याचा जो हत्ती उभा राहतो, पापडाचे कान, फरसबीची सोंड आणि मिर्‍यांचे डोळे लावून, त्याच्याशी मात्र माझं वैर आहे. वैयक्तिक नव्हे, तात्त्विक. बी.कॉम. झालेल्या माणसालाही तत्त्वं असू शकतात, हे वाचकांनी कृपया गृहीत धरावं.

मुद्दा असा, की हल्ली मुलांच्या डब्यात पोळीभाजी नसते, राणीचा बाग असतो. इडलीचं अस्वल, काकडीची मगर, गाजराचा मासा, अंड्याचा ससा, आणि बिटाचं जे काही केलेलं असतं ते नेमकं काय हे कळण्याआधीच शेजारचा ससा लाल झालेला असतो. मुलांनी मजेमजेत प्राण्यांच्या आकाराचा खाऊ करावा, ही कल्पना झकास आहे. तिला माझा बिनशर्त पाठिंबा. तक्रार एवढीच, की या सगळ्या गोतावळ्यात मूल कुठे असतं? मूल असतं बाहेरच्या खोलीत. प्राणी करते आई. क्वचित बाप करतो आणि मग आठवडाभर ते सांगत हिंडतो. मुलाच्या वाट्याला फक्त खाणं येतं, आणि तेही फोटो काढून झाल्यावर.

चिरंजीवांच्या शाळेतून मध्यंतरी मोबाईलवर एक सूचना आली. ‘विद्यार्थ्यांनी पालकांच्या मदतीने प्राण्याच्या आकाराचा पौष्टिक पदार्थ तयार करून आणावा. उत्कृष्ट पदार्थास बक्षीस.’ आम्ही बँकेतली माणसं कुठलंही परिपत्रक हाती आलं की शेवटची ओळ आधी वाचतो. वर्गातल्या तमाम आयांनीही तेच केलं असावं. ‘बक्षीस’ हा शब्द दिसल्याबरोबर ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द गळून पडला आणि ‘मदतीने’ हा शब्द गोष्टीतल्या बेडकासारखा फुगत गेला. तिसर्‍या मजल्यावरच्या वहिनींनी ऑफिसातून दोन दिवसांची रजा टाकली. आमच्या सौ.नी मला ‘मगरीला शोभेल अशी’ काकडी आणायला मंडईत पिटाळलं. भाजीवाल्याला मी तसं सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमचे हेडकॅशियर फाटकी नोट बदलायला आलेल्या माणसाकडे पाहतात. चिरंजीव मधूनमधून ओट्याशी येऊन ‘मी काय करू?’ असं विचारत होते. त्यांना दर खेपेला एकच काम मिळत होतं: ‘तू मध्ये येऊ नकोस.’

प्रदर्शनाला मी अर्धा दिवस रजा काढून गेलो. टेबलावर मोर होता. त्याच्या पिसार्‍यातल्या चकत्या पट्टी लावून कापलेल्या होत्या. शेजारी पनीरचा पांडा, पलीकडे पपईची होडी आणि तीत टरबुजाचं माकड. परीक्षक बाई प्रत्येक डब्यापाशी थांबून मुलाला म्हणत होत्या, ‘अय्या, किती छान केलंयस!’ मूल आईकडे बघत होतं आणि आई लाजत होती.

टेबलाच्या अगदी टोकाला दुसरीतली एक मुलगी उभी होती. तिच्या डब्यात नाचणीच्या उकडीचा एक काळपट गोळा होता. गोळ्यावर बोटांचे ठसे, आणि एका बाजूला दोन वाकडी टोकं.

‘हे काय गं?’ बाईंनी विचारलं.

‘म्हैस.’

‘मग पाय कुठायत तिचे?’

‘पाण्यात. ऊन लागतंय म्हणून बसलीय ती.’

अख्ख्या टेबलावर तेवढा एकच प्राणी जिवंत होता, हे सांगायला परीक्षक कशाला हवा? म्हशी पाण्यात बसलेल्या ज्याने पाहिल्या असतील त्याने तो गोळा लगेच ओळखला असता. पण बाई म्हणाल्या, ‘अगं, आईला सांगायचं ना जरा मदत करायला!’ आणि पुढे गेल्या. मुलीने काही न बोलता डब्याचं झाकण लावलं. बक्षीस मोराला मिळालं. मोराच्या मालकाने मोराला बोटही लावलेलं नव्हतं, हे त्याच्या स्वच्छ नखांवरून कोणीही सांगितलं असतं.

आता हे मी बँकेच्या भाषेत सांगतो, कारण दुसरी मला फारशी येत नाही. कॉमर्सला असताना आम्हाला 1881 सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट घोकावा लागला. त्यातलं बरंचसं विसरलो, पण एक गोष्ट नोकरीने विसरू दिली नाही. खातेदाराच्या नावाने दुसर्‍याच कोणी सही ठोकली, तर तो चेक वटत नाही. अक्षर कितीही सुंदर असो; उलट फार सुंदर असलं तर जास्तच संशय येतो. आमच्याकडे असा चेक ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत जातो. शाळेत त्याच चेकला पहिलं बक्षीस मिळतं! यातून सात वर्षांच्या पोराने काय शिकायचं? तुझी सही चालत नाही, आईची घेऊन ये. हेच पोर पुढे चाळिशीला पोचतं, आमच्या काउंटरवर पैसे भरायची स्लिप घेऊन येतं आणि म्हणतं, ‘साहेब, तुम्हीच भरून द्या ना.’ मी भरून देतो. मला मगर आठवते.

यावर पहिला युक्तिवाद ठरलेला आहे. ‘अहो, त्याशिवाय मुलं भाज्या खातच नाहीत.’ ठीक. मग आमच्या मगरीचं काय झालं ते ऐका. चिरंजीवांनी तिचे चीजचे डोळे खाल्ले, शेंगदाण्याचे दात खाल्ले आणि उरलेली मगर साभार परत आणली. तीही कशी? काकडीला मीठ लागलं की पाणी सुटतं, हे कोशिंबीर करणार्‍या प्रत्येक बाईला ठाऊक असतं; मगर करताना मात्र आठवत नाही. मधल्या सुट्टीपर्यंत ती स्वतःच्याच तळ्यात पोहायला लागली होती. मुलं काही खुळी नसतात. काकडीला चार पाय फुटले म्हणून तिची चव बदलत नाही, हे त्यांना आपल्याआधी कळतं. आहारतज्ज्ञ सांगतात, की नवी चव अंगवळणी पडायला मुलाची त्या पदार्थाशी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा गाठ पडावी लागते. ही गाठ हाताने पडते. ज्या पोराला मटार सोलायला बसवतात, ते सोलता सोलता निम्मे फस्त करतं. तेच मटार बेडकाचे डोळे होऊन समोर आले, की ‘ई’ म्हणतं.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या बाजूने येतो. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका म्हणाले, ‘अन्नाशी खेळू नये. आमच्या वेळी असले चाळे नव्हते.’

काका, होते. आषाढी अमावास्येला गूळ घालून कणकेचे दिवे कोण करत होतं? श्रावणी अमावास्येला, पिठोरीला, पिठाच्या मूर्ती करून पूजायची रीत कुठली? पोळ्याला घरात बैल नसला तर पाटावर मातीचा बैल यायचाच. विदर्भात तर दुसर्‍या दिवशी तान्हा पोळा, त्यात लाकडी बैल ओढत मुलंच मालक. गणपतीत मोदकांची उकड उरली की तिच्या निवगर्‍या थापायच्या, आणि थापायला मुलं बसली की त्यातली एखादी हमखास साप होऊन निघायची. आणि पोळ्या लाटणार्‍या आजीशेजारी जो बसेल त्याला सुपारीएवढा कणकेचा गोळा मिळायचा. त्याची चिमणी व्हायची. हात मळके असले तर चिमणीही मळकी. आजी ती तव्याच्या कडेला शेकून द्यायची, दगडासारखी कडक, आणि खाणार्‍याला तिच्यापुढे पुरणपोळी फिकी वाटायची. आजीने ती चिमणी कधी हातात घेऊन सरळ केली नाही. तिला पुढच्या वीस पोळ्या लाटायच्या असायच्या. अन्नाचा अपमान खेळल्याने होत नाही काका, टाकल्याने होतो. अपमान आमच्या मगरीचा झाला. ती कचर्‍याच्या डब्यात गेली.

आपल्याकडे म्हण आहे, करायला गेला गणपती आणि झाला मारुती. आपण ती टोमणा म्हणून मारतो. मला ती मोठी सनद वाटते. मातीत हात घालणार्‍याचा गणपती कधी ना कधी मारुती होणारच. ज्याचा एकदाही होत नाही, त्याने गणपती विकत आणलेला असतो.

शिक्षणशास्त्राचा आधार हवा असेल तर तोही घरचाच आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडला नेलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. महागडी विलायती साधनं परवडणार नाहीत म्हणून या दोघी अडून बसल्या नाहीत. शंखशिंपले, बिया, पानं, माती, जे भोवती होतं ते मुलांच्या हाती दिलं. हाती दिलं, हे महत्त्वाचं. मुलांच्या वतीने कोणाच्या आईने शिंपले मांडले नाहीत. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात खेळातून आणि करून शिकण्यावर भर आहे. म्हणजे सरकारी कागदसुद्धा आपल्या बाजूचा! बँकेतल्या माणसाच्या आयुष्यात हा योग फार क्वचित येतो, म्हणून त्याची इथे मुद्दाम नोंद करतो.

फोनवर जपानी डब्यांचे फोटो दाखवून मला गप्प करू पाहणार्‍यांनाही एक सांगायचं आहे. जपानी घरांतला सगळ्यात लाडका ससा सफरचंदाच्या फोडीचा असतो. सालीवर दोन तिरके छेद, त्यांच्यामधली साल काढून टाकायची, उरलेल्या दोन पाकळ्या जरा उचलायच्या, की झाले कान. मिठाच्या पाण्यात बुडवला की काळा पडत नाही. मिनिटभराचं काम, रजा टाकावी लागत नाही. आणि अमेरिकेत 1902 पासून सर्कशीतल्या प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं खोक्यातून विकली जातात. खोक्यावर वर्षानुवर्षं प्राण्यांचे पिंजरे छापलेले असायचे. प्राणिमित्रांनी आरडाओरडा केला, तेव्हा 2018 साली ते पिंजरे गेले आणि सिंह, हत्ती, जिराफ मोकळ्या माळरानावर आले. बिस्किटांतले प्राणी सुटले. आमची पोरं अजून स्वयंपाकघराच्या उंबर्‍याबाहेर उभी आहेत.

नुसती टीका करून उठणं हे आमच्या पेशात बसत नाही. कर्ज नाकारलं तरी कोणती कागदपत्रं आणा हे सांगावं लागतं. तेव्हा अटी व शर्ती पुढीलप्रमाणे.

हात धुतलेले असावेत. मुलाचे आणि पाहणार्‍यांचेही. सुरी मोठ्यांकडे, आकार मुलाकडे. प्राण्याचे अवयव जोडायला दात कोरायच्या काड्या वापरू नयेत. हत्तीच्या पोटातली काडी मुलाच्या घशात जायला वेळ लागत नाही. द्राक्षाचा डोळा छान दिसतो, पण अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात नेमकं अडकतं, म्हणून ते उभं चिरून लावावं. कणकेचा प्राणी चपटा करावा, नाहीतर वरून खरपूस आणि पोटात कच्चा राहतो. सुरुवात सोप्यापासून करावी. थालीपिठाला आपण भोकं पाडतोच. ती मुलाला पाडू द्या, बघता बघता तोंड होतं. धिरड्याचं पीठ पळीने त्यालाच ओतू द्या. तव्यावर जे पसरेल त्याला तो आपणहून नाव देईल: कासव, वटवाघूळ, कधी शेजारचे काकाही. चकलीची गोगलगाय होते आणि कडबोळ्याचा साप. दिवाळीपूर्वी आठ दिवस हे दोन्ही प्राणी घरोघर मुबलक असतात. आणि जो करील त्यानेच खायचं, ही अट आधी सांगावी. म्हणजे ऐरावताएवढे हत्ती होत नाहीत.

दुरुस्ती करायची नाही. शेपटी तोंडाजवळ आली असेल तर ती तिथेच राहील. आणि सगळ्यात कडक अट अशी, की समोर आलेल्या गोळ्याकडे बघून ‘हे काय आहे?’ असं विचारायचं नाही. ‘हा काय खातो?’ असं विचारायचं. पंधरा मिनिटांची निश्चिंती. उत्तर लांबत जाईल आणि तेवढ्यात तुमच्या पोळ्या होतील.

शाळांना एकच विनंती. पुढच्या खेपेला कणकेची परात शाळेतच ठेवा, मुलांना भोवती बसवा आणि पालकांना फाटकाबाहेर चहा पाजा. चहा पालकांच्या खर्चाने असला तरी आमची हरकत नाही. फक्त फाटकाला आतून कडी लावा. तिसर्‍या मजल्यावरच्या वहिनी पर्समध्ये गाजर घेऊन येतात.