घरांतल्या गोष्टी : रायफलीचा नवा दस्ता

मागील अंकीं आम्हीं जुन्या पोथ्या वाळवीपासून कशा राखाव्या याविषयीं लिहिलें होतें. यंदाचा विषय पेन्शनर मास्तरास शोभणारा नाहीं, असें कित्येक वाचकांस वाटेल. तथापि त्यांत आमचा एक जुना अपराध गुंतलेला आहे. तो सांगून टाकणें बरें.

आमच्या वडील बंधूंपाशीं निशाणबाजीची एक रायफल होती. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्यांतील, मार्टिनी धाटणीची, ·२२ बोअरची. एका वेळीं एकच काडतूस घेणारी. बंधू निवर्तल्यावर ती रीतसर पुतण्याच्या परवान्यावर चढली आणि कपाटांत कुलुपबंद राहिली. पुढें २०२४ सालीं कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे यांनीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत पन्नास मीटर रायफलीच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, आणि पुतण्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीनें रायफल क्लबाची वाट धरली. "मला आजोबांच्याच रायफलीवर शिकायचें आहे," हा तिचा हट्ट.

रायफल बाहेर काढली, तों दस्ता मनगटापाशीं, म्हणजे हाताच्या मुठींत येणाऱ्या बारीक भागापाशीं, तडकलेला! पुतण्या आश्चर्य करूं लागला. आम्ही मात्र गप्प राहिलों.

आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्यानें बंदूक दुरुस्तीच्या धंद्यास परवाना लागतो. म्हणून घरच्या सुताराकडे न जातां परवानाधारक कारागिराकडे गेलों. म्हाताऱ्या मिस्त्रींनीं प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री केली, मग भेगेवरून नख फिरविलें. "गुरुजी, हें पूर्वीं कोणीं तरी सरसानें चिकटविलें आहे. मुलीचा गाल येथें टेकणार. मी पुन्हा चिकटवून देणार नाहीं."

तेव्हां आम्हांस बोलावेंच लागलें. बंधू आजारी असतां कपाट हलविण्याच्या घाईंत रायफल आमच्याच हातून पडली होती. आम्हीं गुपचूप सरस लावून ती जागच्या जागीं ठेविली. पुतण्यानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाला, "काका, बाबांना तें ठाऊक होतें. म्हणून तर त्यांनीं ती मला कधीं हातीं घेऊं दिली नाहीं. तुम्हांला मात्र विचारूं नको म्हणाले."

नवा दस्ता अक्रोडाचा. संस्कृतांत या वृक्षास अक्षोट म्हणतात. 'दस्ता' हा शब्द फारशी 'दस्त' म्हणजे हात यावरून आला, आणि तो 'दस्त' आपल्या 'हस्ता'चा सख्खा भाऊ. अक्रोडाचें लांकूड मजबूत, फार जड नव्हे, आणि चांगलें सुकल्यावर सहसा वांकत नाहीं. मिस्त्रींनीं अशी फळी निवडली कीं, तिच्या रेषा मनगटांतून लांबीच्या दिशेनें सरळ जाव्या. त्या आडव्या गेल्या तर बारीक भाग तेथेंच मोडतो.

या धाटणीचा दस्ता मागून आंत जाणाऱ्या एका लांब बोल्टानें लोखंडी पेटीस आवळलेला असतो. खरें कौशल्य लांकूड व लोखंड यांच्या भेटींत आहे. मिस्त्री लोखंडाला तेलांत कालविलेली काजळी पुसट लावीत, दस्ता दाबून पाहात, आणि जेथें काळा डाग उठेल तेवढीच जागा पटाशीनें खरवडीत. असें तीस-चाळीस वेळां! काजळी सर्वत्र सारखी उमटेपर्यंत त्यांनीं बोल्ट आवळला नाहीं. लांकूड एकाच बाजूस टेकलें असतां सगळा ताण तेथें येऊन तें फुटतें.

लांबीचा प्रश्न निराळा. मुलीनें कोपर वांकवून दस्त्याचें टोंक त्याच्या खोबणींत टेकविलें, तों बोट घोड्यापर्यंत पोंचेना. बंधू उंच होते. त्यांच्या मापाचा दस्ता तिला निरुपयोगी. म्हणून नवा तिच्या मापाचा केला; ती वाढेल तशा मागील पट्टीखालीं लांकडाच्या चकत्या घालतां येतील. कमी केलेलें लांकूड मात्र परत येत नाहीं.

शेवटीं उकळलेलें जवसाचें तेल, अगदीं पातळ हातानें, प्रत्येक हात पुरता सुकल्यावर दुसरा. पट्टीखालचें उघडें टोंकहि तेलानें भरलें. पावसाळ्यांतील दमट हवा तेथूनच आंत शिरते. गृहिणींनीं एक ध्यानांत ठेवावें : या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल सुकतांना उष्णता निघते व बोळे आपोआप पेट घेतात. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यांत बुडवावे.

रायफल आतां पुतण्याबरोबर क्लबांत जाते. जुना दस्ता आम्हीं टाकला नाहीं. तो आमच्या मेजावर आहे. सरसाची रेघ वर दिसेल असा ठेविला आहे.